सहाला दोन बोटं कमी

अंबाजोगाईत, लातूर रोडला, बाभळीखाली
खाजामिस्त्रीनं ट्रकचं एक मागचं चाक जॅकवर घेतलं
आणि मला म्हणाला, वहिनी, खडू धरा.

मिलिटरीच्या लिलावातला ट्रक.
वरून तीनदा रंग दिला तरी
दाराच्या सांदीत अजून हिरवाच.
बोअरच्या गाडीमागं केसिंगचे पाइप, डिझेलचं पिंप,
पोरं आणि पोरांचं पीठमीठ घेऊन
काळ्या रानातनं चारी चाकांनी ओढत जायचा.
वही माझ्याकडं:
किती किलोमीटर, किती लिटर, कोणता पंप.
लिटरला साडेचार द्यायचा.

मग घाटात मागचा क्राउन फुटला.
नांदेडच्या भंगारातनं आख्खी हाउसिंग आली,
बसली, बोल्ट जुळले,
कुणी दात मोजले नाहीत.
पुढच्या महिन्यापासून साडेतीन.

चारशे लिटरच्या जागी पाचशे चौदा.
मी लाल शाईनं वजाबाकी केली.
शाईखाली एकच नाव येत होतं: ज्ञानोबा गित्ते, ड्रायव्हर.
तो म्हणाला, ताई, फोर-व्हीलचा दांडा अडकतो,
सुटता सुटत नाही,
सडकेवर गाडी आतल्या आत कण्हती.
मी म्हणाले, दांडा डिझेल पितो का?
तीन महिन्यांची वजाबाकी त्याच्या पगारातनं कापली.
त्यानं चावी टेबलावर ठेवली.
वाजवली नाही, ठेवली.

त्याच्या जागी आलेला पोरगाही साडेतीनच देई.
मी म्हणाले, सगळे एकाच माळेचे मणी.

परवा ट्रान्स्फर केसच फुटली, म्हणून हे बाभळीखाली.
चाकावर एक रेघ, शाफ्टवर एक रेघ.
पलीकडलं चाक जमिनीवर, गिअर न्यूट्रल.
मिस्त्री चाक फिरवतो, बरोबर दोन फेरे.
मी शाफ्टचे फेरे मोजते, मोठ्यानं,
रस्त्यावरनं जाणारे बघतात.
चार, पाच...
सहाव्याची रेघ जुळायच्या आतच चाक संपलं.
सहाला दोन बोटं कमी.

मग पुढचं चाक.
सहा, आणि वर दोन बोटं.

मिस्त्री बराच वेळ बोलला नाही.
हाताचं ग्रीस चिंधीला पुसलं, चिंधीचं हाताला लागलं.
मग म्हणाला, मागं एक्केचाळीसला सात,
पुढं सदतीसला सहा.
दोन एक्सल दोन हिशोबानं चालायलेत.
रानात ठीक आहे, ढेकूळ सरकतं,
चाक जरा घसरून घेतं, भांडण मातीत जिरतं.
डांबर कुणाला घसरू देत नाही.
मग टायर झिजतात, शाफ्ट पिळतो,
आणि डिझेल... तुम्हाला तर म्हाईत.

मला म्हाईत होतं.
तीनशे बेचाळीस लिटर, लाल शाईत.

केजच्या स्टँडवर ज्ञानोबा आता शाळेची मॅजिक चालवतो.
पोरं उतरेपर्यंत मी थांबले.
पिशवीत पैसे होते, आणि वही,
वही कशाला आणली ते मला आजही सांगता येणार नाही.
सगळं सांगितलं, खडूपासून.
त्यानं पैसे मोजले नाहीत.
समोरच्या काचेवरचा कुणाचा तरी चिकट हात पुसत राहिला.

मग विचारलं, आता कोणती बदलणार?
म्हणलं, पुढची. मागच्याला जुळेल अशी.
दाताला दात लागंल आणि डिझेलही वाचंल.

नका, म्हणाला.
मागची बदला.
डिझेल वाचंल खरं,
पण भरल्या गाडीला धारूरचा घाट निघायचा नाही,
आणि आत पोरं असतेत.